कामाची फाईल दाखवताना

मुलाखत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रश्न आणि उत्तरे येतात. पण डिझाइनच्या कामात उमेदवारापेक्षा त्याची फाईलच अधिक बोलते. तिला ‘पोर्टफोलिओ’ म्हणतात, हे गेल्या वर्षीपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, विचारायचे कोणाला? लग्नपत्रिका आणि फलक करून फी भागवणारे माझ्यासारखे आणखी काही जण आपल्या कॉलेजात आहेत. ठेच लागून मला जे कळले, ते त्यांच्यासाठी लिहितो आहे.

सुट्टीत मी फ्लेक्सच्या एका दुकानात बसतो. दोन वर्षांतली सारी कामे, वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट, मी एकाच फायलीत कोंबली. पाने झाली ४२! शहरातल्या एका छापखान्यात अर्धवेळ जागेसाठी बोलावणे आले, तेव्हा तीच काखोटीला मारून गेलो. मालकांनी पाच-सहा पाने उलटली आणि विचारले, “यातले तुमचे कोणते?”

“सगळेच,” मी म्हणालो.

“हा वाघही?”

वाघ अर्थातच आयता उचललेला होता. मला घाम फुटला. चित्र तयार मिळालेले, जुळणी आणि अक्षरे माझी, एवढे साधे वाक्य तेव्हा तोंडातून निघाले नाही. ती जागा गेली, आणि तिच्याबरोबर फीचा हप्ताही लांबला.

नंतर मी ३२ पाने काढून टाकली. पहिले काम चांगले हवे, कारण त्यावरून मत बनते. शेवटचेही चांगले हवे, कारण ते लक्षात राहते. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरे पाहून मी गिरवलेले एक पान होते. ते ठेवले, पण खाली ‘सराव’ असे स्पष्ट लिहिले.

सर्वांत जपून मांडले ते गुळाच्या खोक्याचे काम. दुकानात खोकी एकावर एक रचतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला दिसते ती फक्त अरुंद बाजू. म्हणून गुऱ्हाळाचे नाव मी मोठ्या बाजूइतकेच ठळक त्या बाजूवरही घेतले. शेजारी वहीच्या पानावरची चार कच्ची रेखाटने लावली. तयार काम हात दाखवते, कच्चे काम डोके दाखवते. (आमच्या दुकानदाराला मात्र ही रेखाटने म्हणजे कागदाची नासाडी वाटते.)

प्रत्यक्ष छापलेला नमुना न्यावा. पडद्यावर रंग दिसतो तो लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचा. कागदावर उमटतो तो सायन, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईचा. पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर मळकट उतरतो. छापखानेवाल्याला हे पाठ असते. आपल्यालाही ते कळते, एवढे त्याला दिसले पाहिजे.

दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीला गेलो तेव्हा पेनड्राइव्हही नेला होता. तेथील संगणकावर माझा मराठी फॉन्ट नव्हता. फाईल उघडली आणि गुऱ्हाळाच्या नावाच्या जागी नुसती गिचमिड! अक्षरांचे आधी कर्व्हज करून घेतले असते किंवा पीडीएफ काढून नेली असती तर हे टळले असते. त्या दिवशी कागदानेच तारले. फाईल समोरच्या बाईंकडे तोंड करून ठेवली आणि पाने त्यांनाच उलटू दिली. प्रत्येक कामाला दोनच वाक्ये बोललो: काम कोणाचे, अडचण काय होती आणि मी काय केले. एका पत्रिकेवर त्या थांबल्या. तेव्हा न विचारताच सांगितले, “गणपती आयता आहे बाई, अक्षरे माझी.” त्यांनी मान हलवून पान उलटले.

खोक्याच्या पानावर मात्र त्या बराच वेळ रेंगाळल्या. मग आतून खराखुरा एक खोका मागवला, टेबलावर आडवा ठेवला आणि म्हणाल्या, “आता याची बाजू करून दाखवा.” पेन्सिल माझ्या खिशात होतीच.