‘लैला’ एक, रूपे दोन

एरिक क्लॅप्टनचे ‘लैला’ हे गाणे रॉक संगीताच्या रसिकांना दोन रूपांत ठाऊक आहे. पहिले १९७० सालचे. त्यात विजेच्या गिटारींचा कडकडाट आहे, टिपेला पोहोचलेला आवाज आहे आणि लांबी सात मिनिटांहून जास्त आहे. दुसरे १९९२ सालचे. क्लॅप्टन खुर्चीवर बसून, लाकडी गिटार मांडीवर घेऊन, डुलत्या ठेक्यात तेच गाणे पाच मिनिटांच्या आत संपवतो. शब्द तेच आणि गायकही तोच. तरीही एका रूपावर जीव टाकणाऱ्याला दुसरे कानाआड करावेसे वाटते, आणि तीस वर्षे उलटून गेली तरी हा वाद शमलेला नाही. वरवर पाहता ही आवडीनिवडीची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात रॉकमध्ये ‘गाणे’ नेमके कशाला म्हणायचे, यावरच दोन्ही बाजूंचे एकमत नाही.

मूळ ध्वनिमुद्रण १९७० च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अमेरिकेतल्या मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत झाले. क्लॅप्टन तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि प्रसिद्धीला कंटाळून ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या टोपणनावाच्या बँडमागे लपला होता. बॉबी व्हिटलॉक, कार्ल रेडल आणि जिम गॉर्डन हे त्याचे साथीदार. निर्माता टॉम डाउडने त्याची गाठ ‘ऑलमन ब्रदर्स’ या बँडच्या ड्वेन ऑलमनशी घालून दिली आणि दोन गिटारवादकांचे सूर असे जुळले की ऑलमन जवळजवळ संपूर्ण अल्बमभर वाजवत राहिला. गाण्यामागची कथा जगजाहीर आहे. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची पत्नी पॅटी बॉइड हिच्या प्रेमात क्लॅप्टन आकंठ बुडाला होता, आणि हॅरिसन तर त्याचा जिवलग मित्र. त्याच सुमारास एका स्नेह्याने त्याच्या हाती बाराव्या शतकातला फारसी कवी निजामी याच्या ‘लैला-मजनू’ काव्याची प्रत दिली. ही कथा आपल्याकडे हिंदी सिनेमाने घरोघरी पोहोचवली आहे. मिळू न शकणाऱ्या स्त्रीपायी वेडा झालेला मजनू क्लॅप्टनला आपलाच वाटला आणि गाण्याला नाव मिळाले.

त्या गाण्याची ओळख म्हणजे सुरुवातीची गिटारची फेक, जिला रॉकवाले ‘रिफ’ म्हणतात. अवघ्या सात सुरांचा हा तुकडा आहे. पहिल्या सुराऐवजी तिसरा सूर षड्ज धरला तर तो असा ऐकू येतो: खालचा पंचम, कोमल निषाद, षड्ज, कोमल गंधार, मग पुन्हा षड्ज, निषाद, षड्ज. ब्लूज गायक अल्बर्ट किंगच्या एका गाण्यातली संथ ओळ उचलून ऑलमनने तिला वेग दिला आणि त्यातून हा रिफ जन्मला, असे मानले जाते. ध्वनिमुद्रणात तो एकाच गिटारीवर नाही. एकावर एक चढवलेल्या अनेक गिटारी तो वाजवतात, म्हणून त्याचा आवाज भिंतीसारखा अंगावर येतो. कडवे सुरू होताच पट्टी अर्ध्या स्वराने खाली सरकते आणि धृपदाला पुन्हा वर उडी घेते. ऐकणाऱ्याला हे तांत्रिक तपशील ठाऊक नसतात, पण पायाखालची जमीन हलल्याचा भास त्याला नक्की होतो. धृपदात क्लॅप्टन गातो म्हणण्यापेक्षा हाका मारतो म्हणणे जास्त खरे. आवाज फाटतो, आणि तो फाटलेला आवाज तसाच ठेवलेला आहे.

तीन मिनिटांनंतर हे वादळ थांबते आणि पियानोवर एक सर्वस्वी निराळी चाल सुरू होते. गाण्याचा हा उत्तरार्ध ‘कोडा’ म्हणून ओळखला जातो आणि तो काही आठवड्यांनी ध्वनिमुद्रित करून पहिल्या भागाला जोडला गेला. श्रेय मिळाले ड्रमवादक जिम गॉर्डनला. ती चाल मुळात गॉर्डनची तेव्हाची मैत्रीण, गायिका रिटा कूलिज हिची होती, असे तिने स्वतः सांगितले आणि व्हिटलॉकनेही त्याला दुजोरा दिला. या भागात एकही शब्द नाही. पियानोवर ऑलमनची स्लाइड गिटार तरंगत राहते आणि अगदी शेवटी पडद्यांच्याही पलीकडे जाऊन पाखरासारखी किलबिलते.

अल्बम १९७० च्या नोव्हेंबरमध्ये निघाला आणि फारसा खपला नाही. डेरेक म्हणजे कोण, हेच अनेकांना कळले नव्हते. पुढच्या वर्षी गाण्याची कापून छोटी केलेली आवृत्ती सिंगल म्हणून निघाली, तीही अमेरिकेत ५१ व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑलमन मोटारसायकल अपघातात गेला. १९७२ मध्ये गाणे पूर्ण लांबीत पुन्हा निघाले तेव्हा कुठे ते अमेरिकेत दहाव्या आणि ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर पोहोचले. त्यानंतर मात्र त्याची गणना थेट अभिजात रॉकमध्ये होऊ लागली. १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात क्लॅप्टनने फिलाडेल्फियाच्या स्टेडियममध्ये ते गायले, १९९० मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीने ‘गुडफेलाज’ या चित्रपटात कोड्याचा असा वापर केला की रॉक न ऐकणाऱ्यांनाही ती पियानोची चाल तोंडपाठ झाली. म्हणजे नवे रूप लोकांसमोर आले, ते नेमके जुने रूप लोकांच्या कानांत घट्ट बसलेले असताना.

इथे रॉकचा एक विशेष लक्षात घ्यायला हवा. हिंदुस्तानी बंदिश दोन गायक सारखी गात नाहीत आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही. नाट्यपद तर ‘वन्स मोअर’ मिळाला की दर वेळी वेगळे फुलते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्वरलिपी प्रमाण असते. रॉकमध्ये यातले काहीच नाही. तिथे प्रमाण मानली जाते ती तबकडी. कोणत्या गिटारीचा आवाज कसा घुमला, ड्रमवर काठी किती जोरात पडली, गायकाचा आवाज कुठे चिरकला, हे सगळे गाण्याचाच भाग होऊन बसते. अशा गाण्याची चाल आणि शब्द तेवढे ठेवून बाकी सारे बदलले, तर उरते ते तेच गाणे का? या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे आणि ‘नाही’ म्हणणारे, असे ‘लैला’चे दोन पक्ष आहेत.

‘अनप्लग्ड’ हा एमटीव्ही वाहिनीचा कार्यक्रम १९८९ मध्ये सुरू झाला होता. कल्पना साधी होती: नावाजलेल्या रॉक कलाकारांनी विजेची वाद्ये बाजूला ठेवायची आणि मोजक्या श्रोत्यांसमोर गायचे. क्लॅप्टनची मैफल १६ जानेवारी १९९२ रोजी विंडसरजवळच्या ब्रे स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. दहा महिन्यांपूर्वी त्याचा साडेचार वर्षांचा मुलगा कॉनर न्यूयॉर्कमध्ये इमारतीच्या ५३ व्या मजल्यावरून पडून गेला होता, आणि त्याच्या आठवणीतले ‘टिअर्स इन हेवन’ या मैफलीत होते. साथीला गिटारवर अँडी फेअरवेदर लो, बासवर नेथन ईस्ट, ड्रमवर स्टीव्ह फेरोन आणि तालवाद्यांवर रे कूपर होते. पियानोवर चक लेव्हल होता. ऑलमनच्या मृत्यूनंतर १९७२ मध्ये ‘ऑलमन ब्रदर्स’मध्ये आलेला हाच लेव्हल. मूळ ‘लैला’शी त्या मंचाचा असा एक धागा होता.

गाणे सुरू करण्याआधी क्लॅप्टनने श्रोत्यांना ते ओळखण्याचे मिस्कील आव्हान दिले, आणि ते सोपे नव्हते. ज्या सात सुरांवर गाण्याची ओळख टिकून होती, ते जुन्या रूपात कुठेच नव्हते. त्यांच्या जागी गिटारवर एक लंगडत चालणारा ठेका होता. पाश्चात्त्य संगीतात त्याला शफल म्हणतात, आणि त्यात ब्लूजच्या जोडीला जॅझचीही झाक होती. क्लॅप्टनने सूर खाली आणला. धृपदातली हाक गेली आणि तिच्या जागी जवळ बसलेल्या माणसाशी बोलावे तसे नाव घेणे आले. मागे केटी किसून आणि टेसा नाइल्स या गायिकांचे मऊ स्वर होते. मध्ये क्लॅप्टनचा छोटा गिटार-तुकडा, मग लेव्हलचा पियानो. कोडा पूर्णपणे वगळलेला.

जुन्या रसिकांचा पहिला आक्षेप त्या रिफवर असतो. रिफ काढून घेतला की ‘लैला’ ओळखूच येत नाही, मग ती ‘लैला’ कशी? दुसरा आक्षेप कोड्याबद्दलचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. मूळ गाण्यात आधी तडफड आहे आणि मग तिच्यावरची ती शब्दहीन, थकलेली शांतता. नव्या रूपात तडफड नाही, त्यामुळे शांततेचीही गरज उरली नाही, आणि गाणे एकाच पातळीवर सुरू होऊन तिथेच संपते. तिसरा आक्षेप भावनेचा आहे. हे वेड्या झालेल्या माणसाचे गाणे आहे. ते पंचतारांकित हॉटेलच्या लॉबीत शोभेल इतके गुळगुळीत केल्यावर शब्दांतली विनवणी खोटी वाटू लागते, असे या पक्षाचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. नवे रूप चुकीच्या वेळी, कामात असताना ऐकले, तर शब्दांकडे लक्षही जात नाही. जुन्या रूपाबाबत तसे होऊच शकत नाही.

दुसरा पक्ष कॅलेंडरकडे बोट दाखवतो. १९७० चा क्लॅप्टन पंचवीस वर्षांचा, १९९२ चा शेहेचाळीस. मधल्या काळात ज्या पॅटीसाठी गाणे लिहिले तिच्याशी १९७९ मध्ये त्याचे लग्नही झाले आणि १९८९ मध्ये घटस्फोटही. मधली वर्षे त्याने दारूच्या व्यसनात काढली आणि मग त्यातून बाहेर आला. हाती लागून निसटलेल्या लैलेला त्याने पंचविशीतल्याच आर्ततेने हाक मारली असती, तर ते नाटक ठरले असते. खालच्या सुरातले, किंचित स्वतःलाच हसणारे नवे गाणे त्याच्या वयाशी प्रामाणिक आहे. शिवाय गोंगाट बाजूला झाल्यावर चाल किती पक्की बांधलेली आहे हे प्रथमच कळले, असेही हा पक्ष सांगतो. वर्षानुवर्षे मूळ गाणे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचे शब्द नीट ऐकू आले ते १९९२ मध्येच.

तिसरा एक गटही आहे, आणि संख्येने बहुधा तोच मोठा: ज्यांनी नवे रूप आधी ऐकले. ‘अनप्लग्ड’ अल्बम ऑगस्ट १९९२ मध्ये निघाला आणि जगभरात त्याच्या अडीच कोटींहून जास्त प्रती गेल्या. नवी ‘लैला’ अमेरिकेत १२ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. या पिढीला १९७० चे ध्वनिमुद्रण नंतर कधीतरी भेटले, आणि त्यातल्या कित्येकांना तेच ओरडल्यासारखे वाटले. आपण पहिल्यांदा जे ऐकतो ते मूळ, असे कान धरून चालतात. वादात दोन्ही बाजू तत्त्वाची भाषा बोलत असल्या, तरी कोणी कोणते रूप आधी ऐकले हे विचारले की निम्मे उत्तर तिथेच मिळते.

वादात तेल ओतले ते ग्रॅमी पुरस्कारांनी. फेब्रुवारी १९९३ मध्ये क्लॅप्टनला सहा ग्रॅमी मिळाले. त्यातला सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचा पुरस्कार ‘लैला’ला गेला, आणि स्पर्धेत होते ‘निर्वाणा’ या बँडचे ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’. बावीस वर्षांपूर्वीचे गाणे, तेही रॉकचा जोर काढून टाकल्यावर, वर्षाचे सर्वोत्कृष्ट रॉक गाणे ठरावे, हे तरुण श्रोत्यांना पटणे शक्यच नव्हते. आजही ग्रॅमीच्या चुकांची यादी निघाली की हा निकाल तिच्यात असतो. त्यातली एक विसंगती मात्र सहसा कोणी सांगत नाही. हा पुरस्कार सहलेखक म्हणून जिम गॉर्डनलाही मिळाला. त्याचा वाटा म्हणजे कोडा, आणि पुरस्कार मिळवणाऱ्या रूपात कोडा नव्हताच. गॉर्डन स्वतः तेव्हा तुरुंगात होता. तीव्र मानसिक आजाराच्या भरात त्याने १९८३ मध्ये आपल्या आईचा खून केला होता.

खुद्द क्लॅप्टन या मैफलीवर फारसा खूश नव्हता. गाताना मजा आली, पण ऐकायला ते विशेष वाटत नाही, अशी त्याची भावना होती आणि अल्बम मर्यादित प्रतींत काढावा असे त्याने सुचवले होते. २००७ च्या आत्मचरित्रात त्याने हे मोकळेपणाने लिहिले आहे. तोच अल्बम त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत खपाचा ठरला. त्या मैफलीतली १९३९ सालची मार्टिन गिटार २००४ च्या लिलावात ७,९१,५०० डॉलरना गेली.

पुढे क्लॅप्टनने कोणतेही एक रूप कायमचे निवडले नाही. काही दौऱ्यांत विजेची गिटार आणि कोड्यासह जुनी ‘लैला’ आली, काहींत खुर्चीवर बसून नवी. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘जॅझ अ‍ॅट लिंकन सेंटर’मध्ये ट्रम्पेटवादक विन्टन मार्सालिसच्या जॅझ वाद्यवृंदाबरोबर तिसरेच रूप उभे राहिले. कार्यक्रमात हे गाणे ठरलेलेही नव्हते. वाद्यवृंदातल्या बासवादकाने आग्रह धरला आणि ‘लैला’ न्यू ऑर्लीन्सच्या अंत्ययात्रेच्या चालीत, ट्रॉम्बोन-क्लॅरिनेटच्या विलापात वाजली. ते १९९२ पेक्षाही संथ होते, पण त्यावर तसा गदारोळ झाला नाही. एक कारण असे असावे की हे रूप जुन्या ‘लैला’ची जागा घ्यायला आले नव्हते. रेडिओवर तिला हटवून बसण्याची त्याची ताकदच नव्हती. १९९२ च्या रूपाने मात्र तेच केले होते, आणि जुन्या रसिकांचा खरा राग त्यावर होता.

२४ ऑगस्ट २०१९ रोजी व्हर्जिनियातल्या एका महोत्सवात टेडेस्की ट्रक्स बँडने ‘लैला’चा जवळजवळ सबंध अल्बम मंचावर वाजवला. गिटारवादक डेरेक ट्रक्स हा ‘ऑलमन ब्रदर्स’च्या ड्रमवादकाचा पुतण्या. त्याचे नावच ‘डेरेक अँड द डॉमिनोज’वरून ठेवलेले. गायिका आणि त्याची पत्नी सुझन टेडेस्की हिचा जन्म ९ नोव्हेंबर १९७० चा, आणि अल्बमच्या प्रकाशनाची तारीखही तीच सांगितली जाते. त्यांनी रिफ ठेवला, कोडा ठेवला, आणि त्या चौकटीच्या आत स्लाइड गिटारला हवे तितके मोकळे सोडले. २०२१ मध्ये हे ध्वनिमुद्रण निघाले तेव्हा जुन्या पक्षाने त्याचे स्वागत केले. त्याच वर्षी क्लॅप्टनचाही नवा अल्बम आला. टाळेबंदीमुळे रद्द झालेल्या मैफलींच्या बदल्यात त्याने तो ससेक्समधल्या एका बंगल्यात, श्रोत्यांविना ध्वनिमुद्रित केला होता. त्यातली ‘लैला’ लाकडी गिटारीवरची, १९९२ च्याच वळणाची आहे.