‘तारण’ म्हणजे काय? बँकेच्या पाटीवरचं आणि बायबलमधलं

रेंज टिकत नाही म्हणून ज्यांना पूर्ण भाग ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोललो तेच आहे, फक्त थोडं नीटनेटकं केलंय.

आजचा विषय: लहान मुलांना पाप आणि तारण कसं समजवायचं? मी झरी जामणी तालुक्यात संडे स्कूल घेतो. वर्गातल्या कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कोलामी, तर पैनगंगेपलीकडच्या तेलंगणात नातेवाईक असलेल्यांच्या घरी तेलुगू. बहुतेकांच्या घरी कापूस आणि तूर. या मुलांना ‘तारण’ शब्द चर्चच्या आधी दुसरीकडेच भेटलेला असतो. बँकेच्या नाहीतर पतसंस्थेच्या पाटीवर: ‘सोने तारण कर्ज’. आईची पोत तिथं ठेवलेली असते. म्हणजे मुलाच्या डोक्यात तारण म्हणजे अडकवून ठेवलेली वस्तू. आणि आपण सांगतो की येशू तारणारा आहे, म्हणजे सोडवणारा. एकच शब्द, अर्थ बरोबर उलटे!

मला वाटतं, ही अडचण नाहीच. धडा इथूनच सुरू करावा. कारण बायबलही पापाबद्दल बोलताना कर्जाची भाषा वापरतं. प्रभूची प्रार्थना आठवा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात मराठीत चक्क ‘ऋण’ शब्द आहे. लूकच्या अकराव्या अध्यायात त्याच जागी ‘पाप’ आहे. हा योगायोग नाही. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, कर्ज आणि पाप या दोन्हींसाठी एकच शब्द चालायचा.

आता मुलांना कसं सांगायचं? मी किराणा दुकानाची उधारीची वही घेतो. समजा, सहावीतल्या एका पोरानं घरी न विचारता बाबांच्या नावावर चिप्स आणि कोल्ड्रिंक घेतलं. दोन-तीनदा. वहीत ६० रुपये चढले. मी विचारतो, यात चूक काय झाली? मुलं आधी म्हणतात, पैसे. मग हळूहळू बाकीचं निघतं. त्यानं लपवलं. बाबा दुकानाकडे निघाले की त्याच्या पोटात गोळा येतो. रात्री तो बाबांच्या शेजारी जेवायला बसत नाही. बघा, ६० रुपयांनी बापलेकाच्या मध्ये भिंत घातली. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा फळ खाल्ल्यावर काय करतात? झाडांत लपतात. पाप म्हणजे नुसता मोडलेला नियम नाही, ज्याचं आपल्यावर प्रेम आहे त्याच्यापासून तोंड लपवणं आहे.

पुढं बाबांना कळतं. ते ६० रुपये देतात, दुकानदार ती ओळ खोडतो. पोराकडे पैसे नव्हतेच. आणि बाबा रात्री हाक मारतात, “ये, जेवायला बस.” ओळ खोडली गेली आणि ताटही वाढलं गेलं. या दोन्ही गोष्टी मिळून तारण.

थोडी मोठी मुलं असतील तर कर्जमाफीचं उदाहरण चालतं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, ती इथल्या घराघरांत माहीत आहे. मी विचारतो, कर्ज माफ झालं म्हणजे ते पैसे हवेत विरले का? नाही. बँकेला ते सरकारी तिजोरीतून मिळाले. माफी घेणाऱ्याला फुकट असते, पण कुणीतरी ती भरतो. वधस्तंभाचा अर्थ मुलांना इथं उमगतो. देव “जाऊ दे, काही झालंच नाही” असं म्हणत नाही. तो भार स्वतःवर घेतो. येशू हा शिक्षेसाठी पकडून आणलेला तिसराच कुणी नाही, भरणारा देव स्वतःच आहे. हे नीट सांगा, नाहीतर मुलांच्या मनात देव म्हणजे वसुलीला आलेला साहेब होऊन बसतो. आणि फरकही सांगा. त्या योजनेला २ लाखांची मर्यादा होती, आधार पडताळणी होती, खाजगी सावकाराचं कर्ज त्यात बसत नव्हतं. देवाच्या क्षमेला अशी यादी लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे उदाहरण जितकं जवळचं, तितकंच धारदार आहे. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जातो. अशा ठिकाणी “पाप म्हणजे कर्ज” म्हटलं की एखादं पोर वाक्य उलटं फिरवतं. माझ्या वर्गात एका मुलीनं हळूच विचारलं होतं, “मंग माहे बाबा पापी हायेत काय? आमच्यावर लय कर्ज हाय.”

याचं उत्तर तिथल्या तिथं, स्पष्ट द्यायचं: नाही. पाप कर्जासारखं आहे, पण कर्ज म्हणजे पाप नाही. पाऊस पडला नाही, बोंडअळी आली, भाव पडला, यात बाबांचं पाप नाही. येशूनं हे स्वतः सांगितलंय. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य विचारतात, हा माणूस जन्मांध झाला तो कुणाच्या पापामुळे, याच्या की आईबापाच्या? येशू म्हणतो, दोघांच्याही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, ती जास्त पापी होती का? पुन्हा उत्तर, नाही.

उलट बायबल कर्ज देणाऱ्यालाच दम देतं. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात नियम आहे: कुणाचं जातं गहाण घेऊ नका, कारण ते त्याचं पोट गहाण घेणं आहे. गरिबाचं पांघरूण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करा. म्हणजे पाप शोधायचंच असेल तर अडलेल्याला पिळणाऱ्याच्या हिशेबात शोधा. वर्गात एखाद्यानं बाप गमावला असेल, तर हे उदाहरण काढूच नका, उधारीची वहीच पुरे. आणि घरात कुणी फार खचलेलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत सरकारी नंबर सांगून ठेवा.

शेवटी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला. एका चाकरावर राजाचं दहा हजार तलांत कर्ज. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी. मुलांना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करायला लावा: ६ कोटी दिवसांची मजुरी! एकही सुट्टी न घेता १ लाख ६४ हजार वर्षं. रोजी ३०० रुपये धरली तर १,८०० कोटी. आकडा बघून पोरं हसतात, आणि हसायलाच हवं. फिटणारच नाही, हाच तर मुद्दा आहे. राजा सगळं सोडतो. तोच चाकर बाहेर येतो आणि शंभर दिनारांसाठी, म्हणजे आपल्या हिशेबानं ३० हजारांसाठी, दुसऱ्याचा गळा धरतो. ३० हजार काही थोडे नाहीत. आपल्याला झालेली दुखापत खरीच असते. पण १,८०० कोटी सुटलेल्या माणसाचा हात गळ्याकडे जाऊ नये.

म्हणून मी धडा “तुम्ही पापी आहात” यावर संपवत नाही. मुलांना विचारतो, या आठवड्यात तुम्ही कुणाची ओळ खोडणार? कुणी पेन परत न देणाऱ्या मित्राचं नाव घेतं, कुणी मोठ्या भावाचं. तेवढं झालं की तारण हा शब्द त्यांना कळायला लागलाय असं समजा.

तुमच्या वर्गातली मुलं काय विचारतात ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. सलाम!