सिबिल पडलं, तरी लॅपटॉप येतो

शोरूममधला फायनान्सवाला पगार नंतर विचारतो, आधी पॅन नंबर मागतो. पॅन टाकला की ३०० ते ९०० मधला सिबिलचा आकडा उमटतो. साडेसातशेच्या पुढे असाल तर चहा विचारतात. सहाशेच्या खाली असाल तर 'सिस्टीम घेत नाहीये' एवढंच ऐकायला मिळतं. कधीकाळी मोबाइलचे हप्ते बाऊन्स झालेले असतात, किंवा कर्ज तडजोडीने मिटवल्यामुळे 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' अशी नोंद पडलेली असते. अशी बरीच गिऱ्हाइकं मग जुन्या लॅपटॉपच्या बाजारासाठी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरतात. रस्त्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं, तरी सगळ्यांच्या तोंडी तो लॅमिंग्टन रोडच.

कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि लीज संपलेला माल लॉटने विकतात, तो इथे येतो. डेलचे लॅटिट्यूड, लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक. इथल्या एका गाळ्यात मी कारागिराच्या शेजारी स्टुलावर बसून त्याचं काम पाहिलं. खालचं झाकण उघडून तो आधी पंख्यातली धूळ ब्रशने काढतो. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसतो आणि नवी ठेवतो, हरभऱ्याच्या डाळीएवढी. मग हार्ड डिस्क काढून एसएसडी, ४ जीबीच्या जागी ८ जीबी रॅम. पडदा एकदा पूर्ण पांढरा, एकदा पूर्ण काळा करून मेलेले ठिपके शोधतो. एकेक कळ दाबून पाहतो. शेवटी बॅटरी रिपोर्ट: मूळ क्षमता ६०,०००, आता पूर्ण चार्जला ४१,०००. "दोन-अडीच तास चालेल, जास्त सांगणार नाही," तो म्हणाला.

समोर घरून टायपिंगची कामं घेणारी एक बाई होती. बजेट १८ हजार. तिने त्यातल्या त्यात स्वस्त मशीन उचललं, तसा दुकानदार म्हणाला, "ताई, ही सातवी जनरेशन. विंडोज ११ घेणार नाही." मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, म्हणून इंटेलची आठवी जनरेशन हा आता या बाजारातला उंबरठा झाला आहे. ओळखायचं कसं? आय५-८३५०यू असं लिहिलेलं असेल, तर आडव्या रेघेनंतरचा आकडा पाहायचा; तो ८ ने सुरू झाला की आठवी. ज्याचं काम ब्राउझर आणि लिबरऑफिसवर भागतं, त्याला सातव्या जनरेशनवर लिनक्स मिंट टाकूनही चालतं. ते फुकट आहे.

तिचे १८ हजार भिशीचे होते. बारा जणी, महिना दीड हजार. हीच रक्कम तिने एखाद्या कर्जाच्या ॲपवरून महिना ३ टक्क्यांनी वर्षभरासाठी उचलली असती, तर हप्ता १,८०० च्या वर गेला असता आणि एकूण फेड २१,७०० च्या आसपास. प्रोसेसिंग फी वेगळी, आणि एक हप्ता चुकला की सिबिल आणखी खाली. भिशीतही पैसे बुडू शकतात, पण निदान समोरची माणसं ओळखीची असतात.

पैसे देण्याआधी तिने दोन गोष्टी करून घेतल्या, त्या प्रत्येकाने कराव्यात. मशीन बंद करून पुन्हा चालू करायला लावलं आणि बायोसमध्ये जाऊन जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही, हे पाहिलं. आणि सीरियल नंबर व वॉरंटीची मुदत लिहिलेलं पक्कं बिल घेतलं.

राहिला तो सिबिलचा आकडा. देशातल्या चारही क्रेडिट कंपन्यांनी वर्षातून एकदा आपला पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मागवा. फेडलेलं कर्ज बाकी दिसत असेल तर तक्रार नोंदवा, बँकेकडून ना-हरकत पत्र घ्या. लॅपटॉप रोखीने येईल. उद्या घरासाठी कर्ज काढायचं झालं, तर हाच रिपोर्ट पुन्हा उघडला जाणार आहे.