नदींत उभें राहण्याचा पोशाख

बालाघाटच्या डोंगरांत, येरमाळ्याहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तेरखेडा हें गांव लागतें. धाराशिव जिल्ह्यांतील हें गांव फटाक्यांच्या कारखान्यांमुळें दूरवर माहीत आहे. परंतु त्याची जुनी ओळख पाण्याची आहे. गोरोबाकाकांच्या तेर गांवावरून वाहात जाणारी तेरणा नदी या तेरखेड्याजवळच उगम पावते. पुढें तेरजवळ व माकणी येथें धरणांनीं अडविली जाऊन ती औराद शहाजानीजवळ मांजरेस मिळते, आणि मांजरेच्या द्वारें तिचें पाणी गोदावरीस पोंचतें. उगमाजवळ ही नदी एखाद्या ओढ्याएवढी आहे. अशा कोरड्या मुलखांत, कमरेइतक्या पाण्यांत उभें राहून मासे धरण्यासाठीं विलायतेंत निघालेल्या पोशाखाची चर्चा कशास, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. शिवाय आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं मासळी शिजतहि नाहीं. परंतु मासा गळानें धरून पुन्हां पाण्यांत सोडून देण्याचा छंद असलेले तरुण आपल्याकडे आहेत. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी नमुने घेण्यास तळ्यांत उतरतात. आणि गणेशविसर्जनास तर घरोघरचीं मुलें उतरतात. तेव्हां पाण्यांत सुरक्षितपणें उभें कसें राहावें, हा विषय सर्वांच्याच घरचा आहे.

या पोशाखास इंग्रजींत ‘वेडर्स’ म्हणतात. मराठींत त्यास रुळलेला शब्द नाहीं. आपण त्यास पाणविजार म्हणूं. बूट व विजार अखंड जोडलेली, पाणी आंत न शिरूं देणारी अशी ही वस्तु असते. तिचा एक प्रकार मांड्यांपर्यंत येतो, दुसरा छातीपर्यंत येऊन खांद्यांवरच्या पट्ट्यांनीं धरलेला असतो. तिचा इतिहास बराचसा रबराचा इतिहास होय. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट व्हावें आणि थंडींत कडक होऊन तडकावें, अशी त्याची खोड होती. चार्लस गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें इ. स. १८३९ मध्यें गंधकाबरोबर रबर तापविण्याची युक्ति शोधून ती खोड मोडली, आणि न गळणारे बूट टिकाऊ होऊं लागले. विसाव्या शतकांत निओप्रीन नांवाचें कृत्रिम रबर व नायलॉनचें हलकें कापड आलें.

ज्या देशांत हा पोशाख वाढला तेथील पुष्कळ नद्यांचें पाणी गारठलेलें असतें. थंड पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षां कितीतरी लवकर हरण करतें. म्हणून ट्राउट माशाच्या मागें तासन्‌तास नदींत उभें राहणाऱ्यास तेथें कोरड्या पायांवांचून गत्यंतर नसतें. आपल्या देशांत असा प्रसंग काश्मीर व हिमाचल येथील प्रवाहांवर येतो. काश्मिरांत ट्राउटचें बीज इ. स. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून आणून सोडण्यांत आलें. तेरणेच्या खोऱ्यांत मात्र पाणी ऊबदार, आणि मासे रोहू, कटला, मृगळ व मरळ. येथें जाड निओप्रीनची विजार घालणारा माणूस पाण्याऐवजीं घामानें भिजेल. पातळ नायलॉनचीच विजार आपल्या हवेस मानवते.

मग आपल्याकडे तिचा उपयोग कोणता? घाण व इजा यांपासून रक्षण, हाच तो उपयोग होय. तळ्याच्या कांठीं गुरें पाण्यांत बसतात, बाभळीचे कांटे गाळांत रुततात, आणि फुटक्या बाटल्यांचीहि आतां उणीव नाहीं. उंदीर व गुरें यांच्या मूत्रांतून पाण्यांत उतरणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतु पायाच्या जखमेवाटे शरीरांत शिरतो. मुंबईंत २००५ च्या महापुरानंतर या रोगानें अनेक बळी घेतले. पायास भेग असतां सांचलेल्या पाण्यांत तासभर उभें राहणाऱ्यास पाणविजार खरोखर उपकारक आहे. परंतु जे भोई बंधु पोटासाठीं रोज तळ्यांत उतरतात, त्यांच्या वांट्यास ती क्वचितच येते. आपल्या कायद्यांत तिचा उल्लेख कोठें आला आहे, हेंहि पाहण्याजोगें आहे. हातानें मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याखालीं २०१३ सालीं नियम झाले. त्यांत गटारांत उतरणाऱ्या कामगारास द्यावयाच्या संरक्षक साधनांच्या यादींत मच्छीमारांची ही बूट जोडलेली विजार नमूद आहे. तिची गरज सर्वांत आधीं कोणास आहे, हें त्या यादीवरून कळतें.

आतां धोक्याविषयीं. पाय कोरडा राहिला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असें समजूं नये. अनवाणी पावलास तळ कळतो; वाळू संपली, गाळ लागला, दगड हलला, हें बोटें आधीं सांगतात. जाड बुटांत हें ज्ञान बंद होतें, आणि आपल्या तळ्यांत तें फार महाग पडतें. १९७२ च्या दुष्काळांत व त्यानंतर रोजगाराच्या कामांतून मराठवाड्यांत पुष्कळ पाझर तलाव झाले. त्यांत वर्षानुवर्षें काळा गाळ सांचला. २०१७ सालीं सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेंत तो उपसून शेतांत पसरण्यांत येऊं लागला. शेतास हें हितकरच. परंतु यंत्रानें गाळ उचलला तेथें उभ्या कडेचा खड्डा राहूं शकतो, आणि पावसाळा लागतांच तो पाण्याखालीं दिसेनासा होतो. पूर्वीं जेथें गुडघाभर पाणी होतें तेथें यंदा डोक्यावरून असूं शकेल. म्हणून वैशाखांत तळें आटलेलें असतां तें एकदां पायीं फिरून पाहावें, तेथें रोज जाळें टाकणाऱ्यास विचारावें, आणि पाण्यांत उतरल्यावर आधीं काठी टेकून मग पाऊल टाकावें. एक पाय स्थिर झाल्याखेरीज दुसरा उचलूं नये.

वाहत्या नदीचा हिशेब आणखी कडक आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून जोराचें पाणी गुडघ्यावर चढूं लागतांच कांठ गांठावा. पाणी एकाएकीं गढूळ झालें, काडीकचरा वाहूं लागला, म्हणजे वर डोंगरांत पाऊस झाला असें धरून चालावें. धरणाखालच्या पात्रांत तर पाणी केव्हां सोडणार हें कळल्यावांचून उतरूंच नये.

पाणविजारींत पाणी शिरलें कीं माणूस दगडासारखा बुडतो, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाहीं. आडांतून घागर शेंदणाऱ्या बाईस याचें कारण पुस्तकावांचून ठाऊक असतें. भरलेली घागर पाण्याखालीं असेपर्यंत दोरास तिचें ओझें फारसें लागत नाहीं; ती वर निघतांच हातास ओढ बसते. विजारींत शिरलेलें पाणीहि बाहेरच्या पाण्यांत असेंच तोललेलें असतें. मात्र भरलेल्या विजारींत पाय मोकळे हलत नाहींत, घाबरलेला माणूस धडपडून दमतो, आणि कांठावर चढतांना सारें ओझें एकदम अंगावर येतें. यासाठीं कमरेस पट्टा घट्ट आवळलाच पाहिजे, म्हणजे पाणी आंत लवकर शिरत नाहीं. प्रवाहांत पडल्यास उताणें व्हावें, पाय प्रवाहाच्या दिशेस ठेवावे, आणि हातांनीं वल्हवीत तिरकें कांठाकडे सरावें. उथळ लागल्यावर रांगत निघावें व विजारींतलें पाणी गळूं द्यावें.

निगेविषयीं थोडें. आपल्या उन्हानें रबर लवकर चिरफळतें; म्हणून विजार सावलींत उलटी टांगून वाळवावी. निसरड्या दगडांवर नमद्याचे तळवे चांगले धरतात खरे, परंतु नमदा ओला राहतो आणि एका पाण्यांतील सूक्ष्म जीव दुसऱ्या पाण्यांत नेऊन सोडतो. न्यूझीलंडांत डिडिमो नांवाचें सूक्ष्म शेवाळ २००४ सालीं आढळलें. तें पसरूं नये म्हणून २००८ सालीं तेथें अशा तळव्यांवर बंदी आली. आपल्याकडे जलपर्णीनें किती जलाशय व्यापले आहेत हें सर्वजण पाहतातच. तेव्हां एका तळ्यावरून दुसऱ्यावर जातांना चिखल धुऊन, विजार पुरती वाळवूनच न्यावी.

घरचा मुलगा पाणविजार मागूं लागला, तर वडीलधाऱ्यांनीं किंमत विचारण्यापूर्वीं त्यास दोन गोष्टी विचाराव्या. पोहतां येतें काय, आणि बरोबर कोण आहे? दोहोंचें समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत त्यानें कांठावर बसूनच गळ टाकावा. त्यांत त्याचें फारसें नुकसान नाहीं. सकाळ-संध्याकाळीं पुष्कळ मासे चरावयास कांठाजवळच येतात.