फोटो काढा, पण आपल्याच मुलाचा

बर्लिन : जर्मनीत बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पहिलीचे वर्ग सुरू होतात. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या कवेत खाऊ आणि रंगपेट्यांनी भरलेला पुठ्ठ्याचा भलामोठा शंकू असतो. आई-वडील तो हौसेने सजवतात, त्यावर मुलाचं नाव ठळक अक्षरांत चिकटवतात आणि मग शाळेच्या दारात फोटो काढतात. चेहरा, नाव आणि शाळा एकाच फोटोत! तो सगळ्या जगाला दिसेल असा टाकू नका, असं पोलीस पालकांना कळकळीने सांगतात. मुलांच्या फोटोंबाबत हागेन शहराच्या पोलिसांनी २०१५ मध्ये फेसबुकवर केलेलं आवाहन देशभर गाजलं होतं.

बालवाडीत प्रवेश घेतानाच फोटोंचं वेगळं संमतीपत्र हाती येतं. वर्गातल्या फलकावर चालेल का? संस्थेच्या वेबसाइटवर? वर्तमानपत्रात? प्रत्येकापुढे वेगळी खूण करायची, आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या कंदील मिरवणुकीआधी बाई पालकांना सांगतात, फोटो काढा, पण आपल्याच मुलाचा. आपल्याकडून नव्याने आलेल्यांना हे तुटक वाटतं. मला मात्र ही शिस्त फार मोलाची वाटते.

तिची मुळं जुनी आहेत. १८९८ मध्ये जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क वारले, त्या रात्री दोन फोटोग्राफर त्यांच्या घरात घुसले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून मोठं वादळ उठलं. पुढे १९०७ च्या कायद्यात नियम आला : ज्याचा फोटो, त्याची संमती. लहान मुलांची संमती पालक देतात. साधारण चौदाव्या वर्षापासून मुलाचीही लागते.

पेच इथेच आहे. शाळेला आणि शेजाऱ्याला अडवणारा हा कायदा आई-वडिलांपुढे लंगडा पडतो. संमती देणारे तेच, फोटो टाकणारेही तेच. दोघांचं पटलं नाही, तरच प्रकरण कोर्टात जातं. विभक्त वडिलांच्या जोडीदारणीने मुलांचे फोटो आपल्या सलूनच्या जाहिरातीसाठी टाकले होते. आईची संमती नाही म्हणून ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने २०२१ मध्ये आईच्या बाजूने निकाल दिला. शेजारच्या फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये पालकांसाठी कायदाच केला : मुलाच्या छायाचित्रावरचा हक्क दोघांनी मिळून जपायचा आणि वय, समज पाहून मुलालाही विचारायचं. जर्मनीनेही तेवढं करायला हवं.

२०२३ मध्ये डॉइच टेलिकॉमने एक जाहिरातपट काढला. नऊ वर्षांच्या एलाचे आई-वडील थिएटरात बसलेत आणि पडद्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठी केलेली एला त्यांच्याशी बोलू लागते. तुम्ही टाकलेल्या फोटोंचं पुढे काय काय होऊ शकतं, हे ती त्यांना सांगते. तो पाहताना पोटात गोळा येतो.

इथल्या मराठी घरांत हा विषय निघतो तो आजी-आजोबांवरून. नातवंडाचा फोटो पुण्या-नाशकात पोहोचला, की लगेच स्टेटसला लागतो. आजी-आजोबांनी फोटो जरूर मागावेत, तो त्यांचा हक्कच आहे. पण आंघोळीचा, पोहण्याच्या कपड्यांतला, शाळेच्या नावासकटचा फोटो घरातच राहू द्यावा. बाकीच्या फोटोंसाठी पाच वर्षांच्या नातीलाही व्हिडिओ कॉलवर विचारावं, ‘हा ठेवू का गं?’ ती नको म्हणाली, तर नाही ठेवायचा.