मुखवटा एक, ‘व्ही’ दोन

‘व्ही फॉर व्हेंडेटा’ हा चित्रपट मार्च २००६ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या श्रेयनामावलीत एक नाव नव्हते. ज्या चित्रकादंबरीवर तो बेतला आहे, तिचे चित्रकार डेव्हिड लॉइड यांचा उल्लेख पडद्यावर होता. लेखक ॲलन मूर यांचा नव्हता. तो वगळावा अशी मागणी खुद्द मूर यांनीच केली होती आणि चित्रपटापोटी मिळणाऱ्या पैशावरही त्यांनी पाणी सोडले होते. लॉइड मात्र चित्रपटाच्या बाजूने उभे राहिले. एकाच कलाकृतीचे दोन जनक असे दोन तीरांवर गेल्यावर त्यांच्या चाहत्यांत फूट पडणे अटळ होते. दोन दशके उलटली तरी ती बुजलेली नाही.

वरवर पाहता हा वाद ‘पुस्तक चांगले की चित्रपट’ या नेहमीच्याच वळणाचा वाटतो. कोणते पात्र गाळले, कोणता प्रसंग बदलला, याच्या याद्या दोन्हीकडचे चाहते हिरिरीने मांडतात. या याद्यांत गुलाबाच्या जातीवरूनही खटके उडतात. कादंबरीतला नायक आपल्या बळींजवळ ‘व्हायोलेट कार्सन’ नावाचे गुलाब ठेवतो. ही जात खरोखरच अस्तित्वात आहे आणि एका ब्रिटिश अभिनेत्रीच्या नावावरून तिचे नाव पडले आहे. चित्रपटाने तिच्या जागी ‘स्कार्लेट कार्सन’ हा काल्पनिक लाल गुलाब आणला. लाल रंग पडद्यावर खुलतो, एवढेच त्यामागचे कारण असावे. असले तपशील बाजूला सारले, की वादाचा खरा गाभा हाती लागतो. एखादा देश हुकूमशाहीच्या हाती जातो, तेव्हा त्याचा दोष कोणाचा, या प्रश्नाला दोन्ही कृतींनी दिलेली उत्तरे वेगळी आहेत.

मूळ कथा मार्च १९८२ मध्ये ‘वॉरियर’ या ब्रिटिश मासिकाच्या पहिल्या अंकापासून कृष्णधवल चित्रांत क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. मार्गारेट थॅचर यांचे सरकार १९७९ मध्ये सत्तेवर आले होते, बेकारी वाढत होती आणि वर्णद्वेषी ‘नॅशनल फ्रंट’च्या घोषणा रस्त्यांवर ऐकू येत होत्या. १९८५ मध्ये मासिक बंद पडले आणि कथा अर्धवट राहिली. पुढे ‘डीसी कॉमिक्स’ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने १९८८-८९ मध्ये ती दहा भागांत, फिकट रंगांत, पूर्ण करून घेतली.

कथेतला काळ १९९७ चा. अणुयुद्धाने जगाचा मोठा भाग बेचिराख झाला आहे. ब्रिटन थेट माऱ्यातून वाचले, पण पूर, उपासमार आणि टोळ्यांचे राज्य यांनी ते खिळखिळे झाले. त्या अंदाधुंदीत ‘नॉर्सफायर’ नावाचा फॅसिस्ट पक्ष उरल्यासुरल्या बड्या कंपन्यांना हाताशी धरून पुढे आला आणि त्याने सुव्यवस्था आणली. कृष्णवर्णीय, आशियाई, समलैंगिक, डाव्या विचारांचे लोक छावण्यांत गेले. राहिलेल्यांना शिधा, कॅमेरे आणि आकाशवाणीवरून रोज ऐकू येणारा एक भारदस्त आवाज मिळाला. लार्कहिल येथील छावणीत माणसांवर प्रयोग चालत. तेथल्या पाच क्रमांकाच्या, म्हणजे रोमन अंकानुसार ‘व्ही’ खोलीतला कैदी छावणी पेटवून निसटतो आणि काही वर्षांनी गाय फॉक्सचा मुखवटा चढवून लंडनमध्ये अवतरतो.

गाय फॉक्स हा इंग्लंडच्या इतिहासातला एक विलक्षण पुरुष. कॅथलिक बंडखोरांच्या कटातला हा साथीदार ५ नोव्हेंबर १६०५ च्या पहाटे पार्लमेंटच्या तळघरात दारूच्या ३६ पिंपांसह पकडला गेला आणि पुढच्या जानेवारीत त्याला देहदंड झाला. पुढे दरवर्षी इंग्रज मुले त्याचा पुतळा जाळत आली. जाळायच्या या पुतळ्यालाच नायक करावे, ही कल्पना लॉइड यांची. कथेत विचारांचे फुगे आणि ‘धडाम’सारखे ध्वनिशब्द अजिबात नसावेत, हा आग्रहही त्यांचाच. त्याचा परिणाम मोठा आहे. वाचकाला मुखवट्याआडच्या माणसाच्या मनात कधीच शिरता येत नाही. तो काय करतो एवढेच दिसते आणि न्याय ज्याचा त्याने करायचा असतो.

हे असे का घडले, याचे उत्तर कादंबरी फार साधे देते. ते लोकांनी घडू दिले. सोळा वर्षांची ईव्ही आपल्या बालपणाची हकिगत सांगते, तीत कोणाचे गुप्त कारस्थान नाही. भूक आहे, भीती आहे आणि कोणीतरी शिस्त लावायला आल्याचा सुटकेचा सुस्काराही आहे. तिच्या वडिलांना उचलून नेले, कारण ते तरुणपणी एका समाजवादी गटात होते. छावण्यांतले अधिकारी नंतर धर्मगुरू, निवेदक, डॉक्टर म्हणून सुखाने जगतात. सत्ताधीश ॲडम सुसान हा एकाकी, आपल्या संगणकावर जडलेला, आपण देशाचे भले करतो आहोत असे मनोमन मानणारा इसम आहे. त्याच्याविषयी एखाद्या क्षणी दयाही वाटते. फॅसिझम राक्षसांमुळे येत नाही, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संमतीने येतो, असे म्हणणाऱ्या लेखकाला हे असेच लिहावे लागते.

चित्रपटाची पटकथा ‘मेट्रिक्स’कार वाचोव्स्की भगिनींची आणि दिग्दर्शन त्यांचे सहायक राहिलेले जेम्स मॅक्टीग यांचे. त्यांनी काळ पुढे ढकलला, अणुयुद्ध काढून टाकले आणि त्याजागी एक विषाणू आणला. शाळेत, रेल्वेत आणि पाण्यात तो सोडला जातो, हजारो माणसे मरतात, दहशतवाद्यांवर खापर फुटते आणि घाबरलेली जनता कठोर नेत्याला निवडून देते. पुढे उघड होते, की हा विषाणू त्याच पक्षाने पसरवला होता आणि त्यावरच्या औषधातून आपली तुंबडीही भरली होती. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेची, इराक युद्धाची आणि अबू गरीब तुरुंगाची सावली या बदलावर स्पष्ट आहे. कैद्यांच्या डोक्यांवर चढवलेल्या काळ्या बुरख्यांचा संदर्भ त्या काळातल्या प्रेक्षकाला वेगळा सांगावा लागत नव्हता.

मूर यांचा मुख्य आक्षेप येथेच होता. आपली कथा फॅसिझम आणि अराज्यवाद या दोन टोकांची होती. तिचे रूपांतर अमेरिकी उदारमतवादी विरुद्ध अमेरिकी नवपुराणमतवादी अशा भांडणात झाले, आणि तेही स्वतःच्या देशात घडवण्याचे धैर्य नसल्यामुळे ब्रिटनच्या नावावर खपवले गेले, अशी त्यांची तक्रार. चित्रपटाचे चाहते याला तितकेच रोकडे उत्तर देतात. मूर यांनी थॅचर यांच्या ब्रिटनवर लिहिले, चित्रपटकर्त्यांनी बुश यांच्या अमेरिकेवर. प्रत्येक पिढीने आपल्या भयाला आपला चेहरा द्यायचा असतो.

या उत्तरात तथ्य आहे. शिवाय मूर यांनी स्वतःच १९८८ च्या प्रस्तावनेत कबूल केले होते, की इंग्लंडला फॅसिझमकडे ढकलायला अणुयुद्धासारखा नाट्यमय प्रसंग लागेल असे समजणे हा आपला भाबडेपणा होता. तथापि या कबुलीचा रोख ध्यानात घेतला, तर चित्रपटाची बाजू लंगडी पडते. मूर म्हणत होते की इतकेही निमित्त लागत नाही. चित्रपटाने तर निमित्ताच्या जोडीला कारस्थानही आणले. सगळे विष एका टोळक्याने कालवले असेल, तर प्यालेले लोक निर्दोष सुटतात. चित्रपटातला ‘व्ही’ दूरचित्रवाणीवरून लोकांना आरशात पाहायला सांगतो खरा आणि ते भाषण प्रभावीही आहे. पण पुढे कथानकच त्यांच्या हातचा आरसा काढून घेते. कादंबरीतल्या भाषणात ही सवलत नाही. तेथे तो साऱ्या मानवजातीशी असा बोलतो, जणू एखादा साहेब कामचुकार नोकराची झाडाझडती घेतो आहे.

दुसरा मोठा वाद ईव्हीचा. पडद्यावर नॅटली पोर्टमनने साकारलेली ईव्ही दूरचित्रवाणी केंद्रात नोकरी करणारी, बोलायला धीट तरुणी आहे. कादंबरीतली पोर कारखान्यातल्या तुटपुंज्या मजुरीवर भागत नाही म्हणून देहविक्रय करायला बाहेर पडते आणि पहिल्याच रात्री गुप्त पोलिसाच्या तावडीत सापडते. दोन्हीकडे ‘व्ही’ तिला वाचवतो आणि दोन्हीकडे पुढे तोच तिला खोट्या तुरुंगात कोंडून, तिचे केस कापून, छळून ‘मुक्त’ करतो. हा प्रसंग कादंबरीच्या कट्टर चाहत्यांनाही दुभंगतो. काहींना तो दीक्षाविधी वाटतो. छळछावणीतून आलेल्या माणसाने छळछावणीच उभारली, असे इतर म्हणतात. कादंबरी यावर निकाल देत नाही. चित्रपटाने या दोघांच्या नात्यात प्रेम आणले, अखेरीस त्याच्या तोंडी प्रेमाची कबुली घातली आणि मग त्या कोठडीचा काच पुष्कळच बोथट झाला. प्रियकराला क्षमा करणे प्रेक्षकाला सोपे जाते.

त्याच कोठडीत ईव्हीला एक चिठ्ठी सापडते. व्हॅलरी नावाच्या अभिनेत्रीने लार्कहिलमध्ये मरण्यापूर्वी शौचालयातल्या कागदावर लिहिलेले हे आत्मकथन. स्त्रीवर प्रेम केले, एवढाच तिचा गुन्हा. चित्रपटाने ते जवळजवळ शब्दशः घेतले आहे आणि येथे दोन्ही गटांचे एकमत होते. मूर यांनी हे प्रकरण लिहिले तेव्हा समलैंगिकतेच्या तथाकथित प्रसाराला मनाई करणारे ‘कलम २८’ ब्रिटनमध्ये यायचे होते. ते १९८८ मध्ये आले आणि २००३ पर्यंत इंग्लंडमध्ये टिकले. चित्रपटाने ही काही मिनिटे घाई न करता, जवळपास निःशब्द श्रद्धेने चित्रित केली आहेत. त्यासाठी त्याचे अन्य अपराध पोटात घालायला कादंबरीचे कित्येक चाहते तयार असतात.

अराज्यवादाचा मुद्दा मराठी वाचकाला विशेष कळण्याजोगा आहे, कारण ‘अराजक’ आणि ‘अराज्यवाद’ हे दोन शब्द आपल्या भाषेत वेगळे आहेत. बोलण्यात ‘अराजक’ म्हणजे गोंधळ, लूटमार. ‘अराज्यवाद’ ही शासनाविना, परस्परांच्या संमतीने समाज चालावा असे मानणारी विचारसरणी. कादंबरीतला ‘व्ही’ हाच भेद ईव्हीला समजावतो. तो पाळतीची यंत्रणा उद्ध्वस्त करतो आणि तीन दिवस तुमच्यावर कोणाचीही नजर नसेल असे जाहीर करतो. मग दंगली पेटतात, टोळ्या माजतात, माणसे मरतात. हा गोंधळ म्हणजे ते ध्येय नव्हे, ती केवळ मोडतोडीची पायरी आहे, असे तो बजावतो. आणि मोडणाऱ्याच्या हातांनी नवे बांधता येत नाही, म्हणून स्वतःचा मृत्यूही आखून ठेवतो. चित्रपटात ‘ॲनार्की’ हा शब्द ठळकपणे ऐकू येतो तो दुकान लुटणाऱ्या एका मुखवटाधारी चोराच्या आरोळीत. मूर स्वतःला अराज्यवादी म्हणवतात. त्यांना हे किती झोंबले असेल याची कल्पना करता येते.

शेवटही याच सूत्राने बदलला. कादंबरीच्या आरंभीच पार्लमेंट उडते आणि शेवटी डाउनिंग स्ट्रीट. नेत्याचा खून एक गांजलेली विधवा करते. ‘व्ही’चा माग काढणारा पोलीस अधिकारी फिंच नव्या व्यवस्थेत जागा नाकारून काळोख्या महामार्गाने एकटाच चालू लागतो. लोक पुढे काय करतील, हे मूर सांगत नाहीत. चित्रपटात पार्लमेंटची पाळी शेवटी येते. हजारो नागरिक मुखवटे घालून शांतपणे चालत येतात, सैनिक बंदुका खाली करतात आणि आकाशात आतषबाजी होते. सैनिकांनी गोळी झाडली असती तर, हा प्रश्न त्या संगीताच्या गजरात विरून जातो. हुकूमशहाच्या भूमिकेत जॉन हर्टला घेणे ही मात्र दाद देण्याजोगी निवड; १९८४ साली ऑर्वेलच्या कादंबरीवरील चित्रपटात सत्तेखाली चिरडला जाणारा विन्स्टन स्मिथ त्यानेच रंगवला होता.

आणि तरीही चित्रपटाच्या चाहत्यांच्या हाती एक असा पुरावा आहे, ज्यापुढे कादंबरीच्या पक्षाला थोडे थांबावे लागते. मुखवटाधारी जमाव कादंबरीत नाही. तेथे मुखवटा एकाचा असतो आणि त्याच्यामागून तो ईव्हीच्या चेहऱ्यावर येतो. घरोघरी मुखवटे पोचवण्याची आणि सर्वांनी एकच चेहरा घेऊन रस्त्यावर उतरण्याची कल्पना पडद्यावरची, आणि जगाने उचलली ती हीच. २००८ मध्ये ‘ॲनॉनिमस’ या निनावी गटाने सायंटॉलॉजी पंथाविरुद्धच्या निदर्शनांत हे मुखवटे चढवले. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनात ते दिसले. जून २०१२ मध्ये इंटरनेटवरील निर्बंधांविरुद्ध भारतात निदर्शने झाली, तेव्हा मुंबईतले तरुणही त्याच हसऱ्या मिशाळ चेहऱ्याने जमले होते. डिसेंबर २०१२ मध्ये तर चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने हा चित्रपट दाखवला आणि तेथील प्रेक्षक चकित झाले.

चित्रपटाची मालकी टाइम वॉर्नरकडे असल्यामुळे अधिकृतपणे विकल्या गेलेल्या प्रत्येक मुखवट्यामागे स्वामित्वशुल्काचा वाटा त्या बलाढ्य कंपनीला मिळत राहिला. भांडवलशाहीविरुद्ध घोषणा देणाऱ्यांच्या खिशातूनच तो जात होता. कादंबरीच्या चाहत्यांना या विसंगतीची मौज वाटते आणि ते ती चित्रपटाच्याच माथी मारतात. लॉइड २०११ मध्ये ‘ऑक्युपाय’च्या आंदोलकांना भेटायला न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये जाऊन आले. चित्रपटाशी संबंध तोडलेल्या मूर यांनीही रस्त्यावरचे ते मुखवटे पाहून समाधान व्यक्त केले. चित्रपटावरचा राग मात्र त्यांनी सोडलेला नाही.