घरचं कुत्रं, घरचं मांजर (भाग ६) : गोचिडी भिंतीत, पिसवा गादीत

मागच्या भागात रेबीजच्या लशीचं वेळापत्रक पाहिलं. ती लस द्यायला सहसा कुणी कुचराई करत नाही, कारण रेबीजची धास्ती सगळ्यांनाच असते. गोचिडींची तशी धास्ती कुणाला वाटत नाही. कुत्रं म्हटलं की दोन-चार गोचिडी असायच्याच, असं घरोघरी गृहीत धरलेलं असतं. आंघोळ घालताना दिसल्या की उपटायच्या, गटारात टाकायच्या, विषय संपला. चार दिवसांनी पुन्हा तेवढ्याच दिसतात. मग प्रश्न येतो, "एवढ्या काढल्या, तरी येतात कुठून?"

येतात घरातूनच. आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास दिसणारी तपकिरी गोचीड (शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) कुत्र्याच्या अंगावर राहतच नाही. ती राहते भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, स्कर्टिंगच्या फटीत, दिवाणाच्या खालच्या फळीत. अंगावर येते फक्त रक्त प्यायला, आणि तेही आयुष्यात तीनदा. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. ते कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं, खाली उतरून फटीत जातं आणि कात टाकतं. मग आठ पायांची मधली अवस्था चढते आणि तीही उतरते. तिसऱ्या खेपेला चढते ती पूर्ण वाढलेली गोचीड. मादी आठवडाभर रक्त पिऊन करडी, टम्म, सेंटीमीटरभर होते, आपणहून गळून पडते आणि चालू लागते. तिची चाल बहुधा वरच्या दिशेनं असते. कुत्रं झोपतं त्या कोपऱ्यात रात्री बॅटरीचा झोत भिंतीवर आडवा टाकून बघा. जमिनीपासून हातभर वर, कधी पार छताजवळ, रंगाच्या पोपड्याआड अशा माद्या बसलेल्या सापडतात आणि त्यांच्या तोंडाशी तपकिरी, चकचकीत अंड्यांचा खसखशीसारखा ढीग असतो. एक मादी हजारापासून चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. आपल्या उबदार हवेत हा सगळा फेरा दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. भूक मारून बसण्याची तिची ताकदही अचाट आहे. पूर्ण वाढलेली गोचीड रक्ताच्या थेंबाविना कित्येक महिने फटीत तग धरते.

गावाकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गाईगुरांवर जी गोचीड प्रामुख्यानं आढळते, ती पिल्लू असताना एका गुरावर चढली की पूर्ण वाढ होईपर्यंत त्याच गुरावर राहते. म्हणून गुराच्या अंगावर केलेला उपाय तिला सगळ्याच अवस्थांत गाठतो. कुत्र्याच्या गोचिडीचं तसं नाही. तिच्यातल्या बहुतेक जणी कुठल्याही क्षणी कुत्र्यावर नसतातच. गोठ्यातलंच औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्याला चोपडण्याची जी पद्धत आहे, ती यासाठी तोकडी पडते आणि मात्रा चुकली तर जिवावर बेतते.

आता या गोचिडी आणतात काय ते पाहू. कुत्री पाळणारे ज्याला सरसकट 'टिक फीव्हर' म्हणतात, तो एकच आजार नाही. त्यातला एक एर्लिकिया नावाच्या जिवाणूमुळे होतो. 1935 साली अल्जीरियात तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची जर्मन शेफर्ड कुत्री त्यानं मोठ्या संख्येनं दगावली, तेव्हा जगाचं लक्ष त्याकडे गेलं. हा जिवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत घर करतो, आणि आजारात प्लेटलेट्स घसरतात. कुत्रं जेवण सोडतं, ताप चढतो, कधी नाकातून रक्त येतं, पोटाच्या उघड्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. दुसरा आजार बबेसियाचा. हा एकपेशीय परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. लघवी कोऱ्या कॉफीच्या रंगाची होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी पिवळ्या. म्हणून रोज एक सवय लावून घ्या. कुत्र्याचा वरचा ओठ उचला, हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. निरोगी हिरडी दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. गुलाबी रंग मुळातच नसेल तर रविवार संपायची वाट पाहू नका.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चांगलं चालतं. पण उपचार साधारण चार आठवड्यांचा असतो, आणि आठवड्याभरात कुत्रं पोळी मागायला लागलं की गोळ्या बंद होतात. ही घाई महागात पडते. वरवर बरं दिसणाऱ्या कुत्र्यात जिवाणू दबून राहतो, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी अस्थिमज्जाच थकवतो. त्या टप्प्यावर आलेल्या कुत्र्यासाठी फार थोडं करता येतं. एर्लिकियावर लस नाही. बबेसियाची औषधं वेगळी, त्यातही बबेसियाची जात कुठली यावर अवलंबून. त्यामुळे रक्त न तपासता शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली गोळी देणं टाळा.

अंगावर गोचीड सापडली तर बारीक टोकाचा चिमटा घ्या, ती कातडीला जिथं चिकटली आहे अगदी तिथं पकडा आणि न पिरगाळता सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, काडीचा चटका, नेलपॉलिश यांतलं काही वापरू नका. डिवचलेली गोचीड जखमेतच लाळ ओकते, आणि जंतू त्या लाळेतच असतात. काढलेली गोचीड नखानं चिरडू नका, स्पिरिटमध्ये बुडवा. शोधायची ती कानाच्या आतल्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी. शोध रोज हवा, कारण बबेसिया अंगात उतरायला सहसा एक-दोन दिवस लागतात. एर्लिकियाला मात्र काही तासही पुरतात, म्हणून नुसत्या वेचणीवर भिस्त ठेवता येत नाही.

पिसवांचा हिशेब याहून फसवा. घरच्या मांजरांवर, आणि बऱ्याच कुत्र्यांवरही, सापडते ती मांजराची पिसू. ती अंगावरच मुक्काम करते, पण तिची गुळगुळीत अंडी केसांतून घरंगळून जनावर जिथं झोपतं तिथं पडतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. आपल्याला दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसू-वस्तीच्या जेमतेम पाच टक्के. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत, सतरंजीखाली असतात. कोश सगळ्यांत चिवट. आत तयार झालेली पिसू हालचालीची, उबेची, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची चाहूल लागेपर्यंत महिनोन् महिने थांबते. मे महिनाभर बंद ठेवलेलं घर उघडलं की घोट्यांना चावे सुरू होतात, ते यामुळे.

मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं, त्यात पिसवाही गिळतं. म्हणून पुष्कळदा मांजराला खाज दिसते, पिसू दिसत नाही. त्यावर एक सोपी तपासणी आहे. उवांची फणी घेऊन कंबरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत फिरवा आणि फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर झटका. माती असेल तर काळीच राहील. कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरलं तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त. गिळलेल्या पिसवेतून एक चपटा जंतही पोटात जातो. त्याचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे शेपटीखाली चिकटलेले दिसतात. अशा मांजराला नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही. पिसवा राहिल्या तर महिन्याभरात जंत परत येतो. आणि दीड-दोन महिन्यांच्या पिलावर पिसवांचा सुळसुळाट असेल तर नुसत्या रक्तशोषणानं ते पिल्लू दगावू शकतं.

आता औषधं. मानेमागे टाकायचे थेंब, पोटात द्यायच्या चघळायच्या गोळ्या, पट्टे, फवारे असं बरंच काही मिळतं. थेंब टाकताना केस बाजूला करून कातडीवर पडले पाहिजेत, आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. गोळ्यांमध्ये फ्लुरालेनरचा परिणाम बारा आठवडे टिकतो, अफॉक्सोलेनरचा महिनाभर. माझ्या मते मोकळ्यावर फिरणाऱ्या कुत्र्यासाठी या गोळ्या आजचा सर्वांत भरवशाचा उपाय आहेत. गोचीड चावल्यावरच त्या काम करतात, त्यामुळे अंगावर एखादी मेलेली गोचीड दिसली तर औषध वाया गेलं असं समजू नका. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या गटातल्या औषधांबाबत तसा इशारा दिलेला आहे. सोसायटीतल्या मोकळ्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्यांनाही डॉक्टरांना विचारून, वजनाचा अंदाज घेऊन, पनीरच्या तुकड्यातून बारा आठवड्यांची गोळी देता येते. त्या कुत्र्याचं भलं होतंच, शिवाय जिन्यातल्या गोचिडीही कमी होतात.

मांजराबाबत मात्र हात जोडून सांगतो : कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, कमी करूनही नाही. कुत्र्यांच्या अनेक थेंबांत पर्मेथ्रिन असतं. ते निकामी करायला लागणारी यकृतातली प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. काही तासांत कान फडफडू लागतात, मग अंगभर थरथर, लाळ, झटके. औषध ओलं असताना मांजर त्या कुत्र्याला बिलगून झोपलं तरी हे होऊ शकतं. असं झालं तर मांजर शुद्धीवर असताना कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणानं ती जागा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका. अमिट्राझचं धुणंही मांजरासाठी नाही. टी-ट्री तेल, फिनेल, खोबरेलात कालवलेला कापूर, तंबाखूचं पाणी, झुरळांचा खडू हे सगळे 'घरगुती उपाय' चाटल्यावर विष आहेत, आणि मांजर अंगावरचं सगळं चाटतंच. लसूण खाऊ घालून गोचिडी जात नाहीत, उलट कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात.

औषध जनावराला दिलं, तरी निम्मं काम घरात उरतं. अंथरूण आठवड्याला कढत पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा, कारण कोरड्या उन्हात पिसवेच्या अळ्या तगत नाहीत. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सोफ्याच्या फटींत फिरवा आणि त्याची पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करा. भिंतीच्या भेगा आणि स्कर्टिंगच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवा. फवारणी करून घेणार असाल तर जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रं-मांजर आणि माशांची टाकी दुसरीकडे हलवा. कोशांवर फवारा चालत नाही, त्यामुळे नव्या पिसवा निघतच राहतील. निदान तीन महिने हे नेटानं करावं लागतं. आपल्याकडे हिवाळाही फारसा कडक नसतो, तेव्हा जनावराचं औषध बारा महिने चालू ठेवा.

सिंधुदुर्ग आणि गोव्यातले वाचक माकडतापाबद्दल विचारतात. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये ओळखला गेलेला हा आजार 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये दोडामार्गात माणसांना झाला. तो पसरवणाऱ्या गोचिडी जंगलातल्या, वेगळ्या जातीच्या. त्यासाठी घरच्या कुत्र्याला दोष देऊन बाहेर काढू नका. पण काजूच्या बागेतून, रानातून हिंडून आलेल्या कुत्र्याचं अंग, आणि आपलंही, त्याच दिवशी तपासा. कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीमुळे माणसाला होणारा एक ताप मात्र आपल्याकडे आहे : गोचीड-टायफस. चार-सहा दिवस उतरत नसलेला ताप, डोकेदुखी, आणि तळहात-तळपायांवरही उठलेलं पुरळ असेल, तर घरात कुत्रं आहे आणि गोचीड निघाली होती हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते ऐकलं की योग्य औषधाचा विचार पहिल्याच दिवशी होऊ शकतो.

पुढच्या भागात पोटातले जंत, आणि पिलांना पहिला डोस नेमका कोणत्या आठवड्यात द्यायचा ते पाहू.